जुना जिना, नवी जागा: शोभेसाठी अँटिक आणि व्हिंटेज जिने, शिड्या कशा निवडाव्यात

शोभेसाठी जुना जिना घेणं हे खुर्ची किंवा कपाट घेण्याइतकं सरळ नसतं. खुर्ची घरात आली तरी खुर्चीच राहते. जिन्याचं मात्र चढण्याचं काम सुटलेलं असतं, म्हणून त्याला दुसरं काम द्यावं लागतं. पुस्तकं ठेवायची आहेत, पांघरुणं टांगायची आहेत, कुंड्या मांडायच्या आहेत, की त्याने नुसतं उभं राहून दिसायचं आहे? हे खरेदीनंतर ठरवू म्हटलं, की महिन्याभरात त्याच्यावर वर्तमानपत्रं, चार्जर आणि इस्त्रीचे कपडे साठतात.

काम कुठलंही ठरवा, एक गोष्ट धरून चला: पायऱ्या दिसल्या की कोणीतरी चढणारच. लहान मूल चढेल, नाहीतर बल्ब बदलायला घरातलं मोठं माणूस चढेल. म्हणून शोभेचा जिना एकतर माणसाचं वजन पेलणारा हवा, नाहीतर चढताच येणार नाही असा बसवलेला हवा. निवडताना पुढची सगळी तपासणी या एका अटीभोवती फिरते.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. १०० वर्षांपेक्षा जुनी ती अँटिक, हा संकेत बाजारात आणि अनेक देशांच्या सीमाशुल्काच्या नियमांत चालतो. व्हिंटेज हा सैल शब्द आहे. काही दशकं जुनी आणि आपल्या काळाची छाप असलेली वस्तू, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेता ‘अँटिक स्टाइल’ म्हणाला, तर ती नवीच आहे असं समजा. नवी घेण्यात कमीपणा नाही, पण पैसे नव्याचेच द्यावेत.

पहिली पायरी: टेप घेऊन जागा मोजा

शिडी भिंतीला टेकवून ठेवायची असेल, तर ती जमिनीवरही जागा खाते. कामाच्या शिडीचा नियम असा, की चार भाग उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक भाग बाहेर हवा. म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन झाला. भिंतीवर २.४ मीटर उंच टेकणारी शिडी या हिशेबाने ६० सेंटिमीटर पुढे येते. बोळात किंवा दाराच्या वाटेवर एवढी जागा सुटत नाही. शोभेची शिडी याहून उभी ठेवता येते, पण मग तिचं वरचं टोक भिंतीला पक्कं करणं आलंच.

उंचीबद्दल माझं मत असं, की शिडी आणि छत यांच्यात निदान वीतभर मोकळी जागा दिसली पाहिजे. छताला भिडलेली शिडी माळ्यावर जायला ठेवल्यासारखी वाटते आणि तिच्याकडे वस्तू म्हणून कोणी बघत नाही.

पायऱ्यांचं कपाट किंवा चक्री जिना घेणार असाल, तर त्याच्या तळाच्या आकाराचा पुठ्ठा कापा आणि दोन-तीन दिवस जागेवर टाकून ठेवा. घरातले लोक त्याला वळसा घालून सहज जाताहेत का, ते बघा. वस्तू घरात शिरणार कशी हेही आत्ताच तपासा. दाराची रुंदी मोजतात सगळे; अडतं ते बोळाच्या वळणावर आणि लिफ्टमध्ये. जिन्याची दिशाही आधी ठरवा. चढ डावीकडून उजवीकडे हवा की उलट, हे जागेवर अवलंबून असतं. जुने जिने बहुधा भिंतीलगत बसवलेले असल्याने त्यांची एकच बाजू सजवलेली असते. चुकीच्या दिशेचा घेतलात, तर कोरी बाजू खोलीकडे येते.

दुसरी पायरी: कोणता जिना कशासाठी

फळबागेतल्या शिड्या वर निमुळत्या होत जातात, कारण फांद्यांच्या बेचक्यात शिरायचं असतं. काहींना मागे एकच तिसरा पाय असतो, म्हणजे खडबडीत जमिनीवरही त्या डगमगत नाहीत. पांघरुणं, टॉवेल, मासिकं टांगायला हा प्रकार उत्तम. मात्र आडव्या दांड्यांतलं अंतर बघा. ते ३० सेंटिमीटरच्या आसपास असेल, तर दुमडलेलं पांघरूण खालच्या दांड्यावरच्या कापडाला झाकून टाकतं. मग एक दांडा सोडून टांगा.

रंगाऱ्याचा घोडा, म्हणजे दोन बाजूंनी उघडणारी शिडी, कुंड्यांसाठी लोक घेतात. सपाट, रुंद पायऱ्या असतील तर चांगली. गोल दांड्यांवर आडव्या फळ्या टाकून केलेली मांडणी कायम सरकते. दोन्ही बाजू उघड्यावर धरून ठेवणारी साखळी किंवा पट्टी मूळचीच असेल, तर ती बदलून घ्या. दोराची असेल तर नक्कीच बदला. कुंडीखाली बशी हवीच, कारण पाण्याचा पांढरा डाग जुन्या पॉलिशमध्ये खोल जातो.

ग्रंथालयाच्या पायऱ्या हा मला सगळ्यात आवडणारा प्रकार. १८ व्या आणि १९ व्या शतकात युरोपात मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांसाठी या बनत. काही छोट्या आणि चाकांवरच्या, काही मधल्या खांबाभोवती वळणाऱ्या, आणि काही चक्क खुर्चीच्या पोटात दडलेल्या. लंडनच्या मॉर्गन अँड सँडर्स या कारागिरांनी १८११ च्या सुमारास प्रसिद्ध केलेली खुर्ची बिजागरीवर उलटली की चार पायऱ्यांची शिडी होते. अमेरिकेचे शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांच्याकडेही बैठकीखाली पायऱ्या लपवलेली खुर्ची होती. अशी खुर्ची घेताना ती दुकानात निदान पाच-सहा वेळा उघडून-मिटून बघा. बिजागरीच्या स्क्रूभोवतीचं लाकूड फुटलेलं असेल, तर ती फक्त खुर्ची म्हणून वापरायची.

रुळावर सरकणारी उंच शिडी घ्यायची असेल, तर रूळ, आकडे आणि चाकं सोबत मिळताहेत का विचारा. न्यूयॉर्कच्या पुटनम कंपनीसारखे निर्माते १९०५ पासून अशा शिड्या बनवत आले आहेत. पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या रुळावर बसेलच असं नाही, आणि नुसती शिडी घेऊन रूळ शोधत फिरणं कंटाळवाणं काम आहे.

पलंगाच्या पायऱ्या उंच पलंगांच्या काळातल्या. दोन किंवा तीन रुंद पायऱ्या, बऱ्याचदा महोगनीच्या, वर चामडं किंवा गालिच्याचा तुकडा बसवलेला. एखाद्या पायरीचं झाकण उघडतं आणि आत कप्पा असतो. काहींत तिथे रात्रीचं शौचपात्र ठेवत. आज पलंगाशेजारी दिवा आणि पुस्तकं ठेवायला यापेक्षा सोयीची जुनी वस्तू क्वचित सापडेल. लहान घराला पहिली खरेदी म्हणून मी हीच सुचवेन.

जपानचं काइदान-दान्सू म्हणजे पायऱ्यांच्या आकाराचं कपाट. व्यापाऱ्यांच्या घरांत वर जायचा जिना आणि खालची साठवण एकाच वस्तूत बसवलेली असे: प्रत्येक पायरीखाली खण किंवा सरकतं दार. मोठी कपाटं दोन भागांत बनवून एकावर एक ठेवलेली असतात, त्यामुळे वाहतूक सोपी जाते. दोन्ही भाग मूळचेच आहेत ना, हे मात्र पाहा. लाकडाचे दोरे, लोखंडी मुठी आणि पाठीमागच्या फळ्यांचा काळपटपणा दोन्हीकडे जुळला पाहिजे. या कपाटांच्या नव्या प्रतिकृती भरपूर आहेत.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन लोकांच्या धान्यकोठारांच्या शिड्या एकाच ओंडक्यात खाचा कोरून केलेल्या असतात, वरचं टोक दुबेळकं. या निव्वळ शिल्पासारख्या उभ्या करायच्या, त्यांच्यावर काही टांगू नये. बाजारासाठी नव्या कोरून जुन्या दिसायला लावलेल्याही खूप मिळतात. त्यांच्या खाचा पायांनी झिजलेल्या नसतात, सगळीकडून सारख्या घासलेल्या असतात.

जागाच नसेल, तर जिन्याचं लघुरूप बघा. फ्रान्समधल्या कारागीर-संघांचे सुतार आपलं कौशल्य सिद्ध करायला हातभर उंचीचे, पण बिनचूक जिने घडवत. न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट संग्रहालयात अशा नमुन्यांचा सुरेख संग्रह आहे. दुहेरी वळणाचा एखादा छोटा जिना टेबलावर ठेवला, तर वेगळी सजावट लागत नाही.

पाडलेल्या इमारतींतले सुटे भाग हा स्वस्त मार्ग: मुख्य खांब, कठड्याचे कातीव दांडे, पायऱ्यांच्या फळ्या. खांबाचा दिवा होतो, फळीचा शेल्फ होतो. कठड्याचे दांडे घेताना चार-दोन जास्तच घ्या. पुढे एखादा मोडला तर तसाच दुसरा मिळत नाही.

तिसरी पायरी: वय खरं आहे का

वस्तू उलटी करा. पुढची बाजू कोणालाही सजवता येते. तळ आणि पाठ फसवायला कष्ट पडतात. पायरीच्या खालच्या बाजूचं लाकूड हवेने वर्षानुवर्षं काळवंडलेलं, कोरडं, एकसारखं नसलेलं असतं. तिथेही वरच्याच छटेचं पॉलिश ताजं दिसलं, तर संशय घ्या.

मग झीज वाचा. माणूस पायरीच्या पुढच्या कडेवर पाय देतो, म्हणून तिथली धार गोल होते. सरळ जिन्यात मध्यभाग झिजतो. चक्री जिन्यात मात्र झीज खांबाकडे नसते, बाहेरच्या रुंद भागाकडे असते, कारण पाय तिथेच मावतो. शिडीचे आडवे दांडे मधे झिजतात, उभे दांडे हात जिथे धरतो तिथे गुळगुळीत होतात आणि तळ जमिनीच्या ओलीने खराब होतो. बनावट झीज बहुधा सगळीकडे सारखी असते. साखळीने मारलेले खड्डे असतात, पण जिथे पाय पडायला हवा तिथे काहीच नसतं.

खिळे बरंच सांगतात. युरोप-अमेरिकेतल्या कामात १८०० च्या आधी हाताने ठोकलेले, चौकोनी, वेड्यावाकड्या डोक्यांचे खिळे. १७९० च्या दशकापासून जवळजवळ शंभर वर्षं पत्र्यातून कापलेले, दोन बाजूंनी निमुळते खिळे. १८९० नंतर गोल तारेचे. जुन्या स्क्रूंना टोक नसतं आणि डोक्यावरची खाच मधोमध नसते. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरीस आले. अधिकाच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाआधीचा असूच शकत नाही. पण असा एक स्क्रू दिसला म्हणून वस्तू खोटी ठरवू नका, ती दुरुस्तीही असेल. सगळेच स्क्रू तसे असतील आणि भोकांच्या कडा पांढऱ्या-ताज्या असतील, तेव्हा मात्र निघून या.

करवतीच्या खुणाही बघा. फळीच्या मागे कमानीसारखे वळणदार ओरखडे असतील, तर ती गोल करवतीने कापलेली आहे, म्हणजे बहुधा १८३० नंतरची. सरळ पण असमान अंतराचे ओरखडे हाताच्या करवतीचे.

माझी आवडती तपासणी कॅलिपरची, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याची. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना काटकोनात आकसतं. म्हणून लेथवर अगदी गोल कातलेला दांडा शंभर वर्षांत किंचित लंबगोल होतो. दांड्याचा व्यास दोन दिशांनी मोजा. मिलिमीटरभर फरक मिळाला, तर जुन्यापणाच्या बाजूने चांगला पुरावा. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात फिनिशवर मारा. जुनं लाखेचं पॉलिश नारिंगी चमकतं.

चौथी पायरी: आतून शाबूत आहे का

वय खरं निघालं, तरी वस्तू पोकळ असू शकते. दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्याची बाहेर पडायची वाट. जुनी भोकं आतून काळपट आणि कडेने बोथट. ताज्यांच्या कडा धारदार आणि आतलं लाकूड फिकट. खाली भुसा पडतोय का, हे खरं लक्षण. संशय असेल तर वस्तूखाली काळा कागद पसरून काही आठवडे ठेवा. अळी लाकडात दोन ते पाच वर्षं राहू शकते, म्हणून वर काही दिसत नाही याचा अर्थ आत काही नाही असा होत नाही. छोट्या वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे ३० अंशांवर तीन दिवस, किंवा उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्या, की किडे मरतात. मोठ्यांसाठी जाणकाराकडून उपचार करून घ्या. दुसऱ्या फर्निचरशेजारी तोवर ठेवू नका.

वाळवी जास्त फसवी, वरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून खाते. हातोडीच्या दांड्याने हलके ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, खाल्लेलं बोदं. टोचा घेऊन तळ आणि सांधे दाबून बघा. टोचा सहज शिरला, तर तो भाग वजनासाठी गेला.

सांधे तपासायला शिडी दोन्ही हातांनी धरून तिरकी पिळा. थोडा आवाज चालतो. दांडा हाताने फिरत असेल तर सांधा सुटलाय. सरस गेलेला सांधा सुताराला सहज पुन्हा बसवता येतो, पण खाचेभोवतीचं लाकूडच चिरलेलं असेल तर काम वाढतं. दांड्याच्या लांबीत तिरपी चीर दिसली, तर त्या शिडीवर माणूस चढणार नाही याची सोय आधी करा आणि मगच घ्या. लांबीने (पुट्टीने) बुजवलेल्या, वर रंग मारलेल्या जागा विशेष निरखा. टॉर्च आडवा धरला की उंचवटे दिसतात.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, चक्री जिने वेगळं प्रकरण आहे. १९ व्या शतकात ओतकाम कारखान्यांतून सुट्या पायऱ्या ओतून मधल्या नळीवर एकावर एक रचत आणि बोल्टने आवळत. म्हणून ते सुटेही होतात, आणि शोभेसाठी नुसता तीन-चार पायऱ्यांचा तुकडाही उभा करता येतो. बीड दाबाला भक्कम, पण धक्क्याला ठिसूळ. प्रत्येक पायरी लटकती धरून ठोका. शाबूत असेल तर स्वच्छ घणघणते, चीर असेल तर बद्द वाजते. चुंबक लावा. चिकटला नाही तर ते ॲल्युमिनियमचं नवं ओतकाम आहे. चीर गेलेलं बीड साध्या वेल्डिंगने नीट जुळत नाही, पितळी जोडकाम किंवा धातूचे टाके घालणारा जाणकार लागतो. तो खर्च धरूनच भाव करा.

वजनाचा हिशेबही करा. समजा तुकडा ३०० किलोचा आणि तळ ३० बाय ३० सेंटिमीटर. घराच्या जमिनी साधारण दर चौरस मीटरला २०० किलोच्या भाराला धरून बांधतात, आणि इथे सगळा भार ०.०९ चौरस मीटरवर. खाली मोठा पोलादी पाट घालावा लागेल, आणि वरच्या मजल्यावर तर इंजिनियरला विचारल्याशिवाय नकोच.

रंगवलेल्या जिन्याला शिशाची चाचणी केल्याशिवाय हात लावू नका. जुन्या रंगांत शिसं सर्रास असे. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर बंदी आली तीच १९७८ मध्ये. घासल्यावर रंग बदलणाऱ्या चाचणीच्या कांड्या मिळतात, खात्री हवी तर पापुद्रा प्रयोगशाळेत द्या. शिसं निघालं तर कोरडा पॉलिशपेपर आणि हॉट-गन दोन्ही वर्ज्य. रंग उडत नसेल तर वर पारदर्शक थर देऊन आत बंद करणं सगळ्यात शहाणपणाचं, आणि दिसतंही छान. लहान मुलं असलेल्या घरात उडणाऱ्या रंगाचा जिना आणूच नये.

पाचवी पायरी: भाव करण्याआधी

विक्रेत्याला विचारा: कुठल्या इमारतीतून किंवा संग्रहातून आली, काय बदललंय, किडीचा उपचार कधी आणि कशाने झाला, वजन किती. उत्तरं बिलावर लिहून मागा. परदेशातून मागवत असाल तर लाकूड कोणतं ते नक्की करा. शिसवीच्या जाती आणि मोठ्या पानांची महोगनी यांच्या व्यापारावर साइट्स या धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्बंध आहेत, आणि जुन्या वस्तूलाही कागदपत्रं लागू शकतात.

विक्रेता सांगेल, पॉलिश मारून चकचकीत करून देतो. नको म्हणा. झिजलेल्या कडा, हातांनी आलेला काळपट उजाळा, रंगाचे एकावर एक थर, याचेच तर आपण पैसे देतो. रंधा मारून ते काढलं की उरतं ते जुन्या आकाराचं नवं लाकूड.

सहावी पायरी: घरात आणल्यावर

लाकूड दोन ते चार आठवडे राहणार त्याच खोलीत आडवं ठेवा, उन्हापासून आणि हीटर-एसीच्या झोतापासून लांब. ओलाव्याचं मीटर असेल तर घरात ८ ते १२ टक्क्यांवर ते स्थिरावेपर्यंत सांधे चिकटवू नका. सफाईसाठी मऊ ब्रश, मग किंचित ओलं, घट्ट पिळलेलं कापड, कोपऱ्यात आधी करून बघून. मेण अगदी पातळ लावा. उंची जास्त झाली म्हणून कापायची वेळ आलीच, तर खालून कापा. तळ बहुधा आधीच सडलेला असतो, आणि वरची टोकं घडवलेली.

टेकवलेल्या शिडीला वर दोन्ही बाजूंनी भिंतीत आधार हवा, खाली रबरी पट्टी. आधार शिडीत स्क्रू न घालता आडव्या दांड्याला वळसा घालणाऱ्या पट्ट्याने द्या, म्हणजे लाकूड शाबूत राहतं. घरात लहान मुलं असतील तर खालच्या दोन-तीन दांड्यांवर जाड पांघरुणं टांगा, पाय ठेवणं अवघड होतं. पायऱ्यांवर पुस्तकं ठेवणार असाल, तर मीटरभर पुस्तकांचं वजन सहज २५ ते ४० किलो भरतं. जड ग्रंथ खाली, हलके वर.

जुना जिना खरोखरच चढण्यासाठी बसवायचा मनात आलं, तर तो वेगळा प्रकल्प समजा. पायरीच्या दोन उंच्या अधिक पाय ठेवायच्या भागाची पुढून मागपर्यंतची एक रुंदी मिळून ६० ते ६४ सेंटिमीटर, हे सूत्र फ्रान्सच्या ब्लाँडेल या वास्तुशिल्पीने १७ व्या शतकातच मांडलं, आणि ते न पाळणारे जुने जिने पुष्कळ. कठड्याच्या दांड्यांतून लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून आज १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. जुन्यांत ती सर्रास जास्त असते. तेव्हा स्थानिक नियम आणि इंजिनियर दोन्ही आधी.

मांडणी कमी ठेवा. प्रत्येक पायरीवर काहीतरी ठेवलं की जिना दिसेनासा होतो. तीनातली एक पायरी रिकामी सोडा. दिव्यांच्या माळा गुंडाळणं मला पटत नाही, पण लावायच्याच असतील तर गरम न होणाऱ्या, आणि जुन्या रंगावर चिकटपट्टी न लावता.

वर्षातून एकदा भिंतीचे आधार आणि बिडाचे बोल्ट आवळून बघा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, किडे बाहेर पडतात त्या सुमारास, काळा कागद पुन्हा एकदा खाली पसरा.